तोच प्लास्मिड, तीच पेशी, आकडा वेगळा: सांगलीतल्या छोट्या लॅबमधले नऊ महिने

हळदीचा अर्क पेशींमधले एनआरएफ-२ हे प्रथिन जागे करतो का, हा प्रश्न सांगलीतल्या लॅबमध्ये निघणे साहजिकच आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी भक्कम पॉझिटिव्ह कंट्रोल (उत्तर नक्की ‘हो’ येईल अशी तुलना) हवा. म्हणजे अर्क बाजूला ठेवून एनआरएफ-२ चे जनुक प्लास्मिडवरून (डीएनएच्या छोट्या वलयावरून) पेशीत घालायचे, ते प्रथिन भरपूर बनू द्यायचे आणि त्याच्या हुकमतीतली जनुके किती पट वाढतात ते मोजायचे. हातातला, एका पेपरमधला छापील प्रोटोकॉल दीड पानाचा होता. दोन आठवड्यांत उरकेल असे वाटलेले हे काम जूनमध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारीत संपले. त्यातला बराच काळ एकाच प्रश्नात गेला: एका सोमवारी १२ पट आलेला आकडा पुढच्या सोमवारी ३ पट का येतो? एक हूड आणि एक इनक्युबेटर एवढ्यावर चालणाऱ्या लॅबमधल्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून सगळा क्रम इथे लिहीत आहोत.

आकडे जुळत नाहीत तेव्हा पहिली शंका आपल्याच हातावर येते. अशा वेळी ‘रिप्रोड्युसिबिलिटी प्रोजेक्ट: कॅन्सर बायोलॉजी’ या उपक्रमाबद्दल जरूर वाचावे. तो २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ५३ पेपरांमधले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहायचे ठरले होते. त्यातला एकही प्रयोग नुसत्या छापील वर्णनावरून, मूळ लेखकांना काही न विचारता, आखता आला नाही. शेवटी २३ पेपरांमधले ५० प्रयोग पार पडले, आणि परिणामाचा आकार मूळ आकाराच्या तुलनेत मध्यक पाहता ८५ टक्के लहान निघाला. हे वाचल्यावर निराश होण्यापेक्षा आपल्या वहीत काय लिहायचे राहते आहे ते शोधण्याची बुद्धी होते.

जून-जुलै: कागद आणि वीज

मानवी पेशी आणि रीकॉम्बिनंट डीएनए म्हटले की संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची मंजुरी आधी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्यासाठी समोर ठेवाव्यात. अर्जात यजमान जिवाणू कोणता, व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा प्लास्मिड) कोणता, जनुक कोणते, पेशी कोणत्या, किती आकारमानात वाढवणार, बीएसएल-२ या जैवसुरक्षा पातळीची सोय काय आणि कचरा कसा निर्जंतुक करणार हे सगळे विचारतात. आमचा अर्ज पहिल्यांदा परत आला तो दोन कारणांनी. व्हेक्टरचा नकाशा जोडलेला नव्हता, आणि कचऱ्याच्या रकान्यात ‘ऑटोक्लेव्ह’ एवढा एकच शब्द होता. दुसऱ्यांदा १२१ अंश, १५ पाउंड दाब, ३० मिनिटे, सोबत इंडिकेटर टेप असे लिहिले, तेव्हा अडचण आली नाही. लहान संस्थांमध्ये समितीची बैठक महिन्याला होत नाही. आम्हाला सहा आठवडे थांबावे लागले. पुढच्या बैठकीची तारीख विचारूनच कामाचे वेळापत्रक आखावे.

थांबण्याचा हा काळ वाया जाऊ दिला नाही. त्या पेपरच्या पत्रव्यवहाराच्या लेखकांना ईमेल करून नेमके प्रश्न विचारले: पेशी कितव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीच्या) होत्या, एका वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) किती पेरल्या, डीएनए किती नॅनोग्रॅम, कंट्रोलमध्ये रिकामा व्हेक्टर होता की काहीच नव्हते, आणि आकृतीतले तीन ठिपके म्हणजे तीन वेल की तीन वेगळे दिवस. ‘प्रोटोकॉल पाठवा’ असे मोघम पत्र पाठवले तर तेच दीड पान परत येते. नेमक्या प्रश्नांना नऊ दिवसांत उत्तर आले. तीन ठिपके एकाच प्लेटमधले तीन वेल होते, हे तेव्हाच कळले.

पावसाळ्यात वीज जाते हे इथे गृहीतच धरावे लागते. इनक्युबेटर यूपीएसवर होता, पण यूपीएस सव्वा तासात उतरायचा. म्हणून आत एक स्वतंत्र डेटा लॉगर ठेवला, दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवणारा. इनक्युबेटरच्या दारावरचा आकडा वीज आल्यावर ३७ दाखवतो, मधले तीन तास तो सांगत नाही. ट्रान्सफेक्शननंतरच्या (पेशीत डीएनए घातल्यानंतरच्या) ४८ तासांत तापमान ३५ च्या खाली गेले तर तो प्रयोग बाद, हा नियम निकाल पाहण्याआधी वहीत लिहून सही केली. निकाल पाहून ठरवलेला नियम हा नियम राहत नाही.

ऑगस्ट: पेशी

पेशी हेक-२९३-टी, मूळ मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या. पहिली व्हायल (छोटी कुपी) एका ओळखीच्या लॅबमधून आली होती. पेशी सुरेख वाढत होत्या, तरी मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली. मायकोप्लाझ्मामुळे माध्यम (पेशी वाढवायचे द्रव) गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. पेशी वरवर धडधाकट दिसतात, पण त्यांची जनुके आणि ट्रान्सफेक्शन दोन्ही बदललेली असतात. तो सगळा साठा ब्लीचमध्ये घातला, इनक्युबेटर उघडून पुसला, पाण्याचा ट्रे ऑटोक्लेव्ह केला आणि पंधरा दिवस काम बंद ठेवले. चाचणीची खूणगाठ अशी: पेशी अँटिबायोटिकशिवाय किमान दोन आठवडे वाढवाव्यात, शेवटचे तीन दिवस माध्यम बदलू नये आणि पूर्ण भरलेल्या फ्लास्कमधले माध्यम तपासावे. नुकते बदललेले माध्यम तपासले तर खोटे निगेटिव्ह येते.

दुसऱ्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे रीतसर अर्ज केला. संस्थाप्रमुखांचे पत्र, आयबीएससीची मंजुरी, आगाऊ रक्कम. या कागदांना लागलेला वेळ सत्कारणी लागतो, कारण पेशींची वंशावळ हाती येते. आणायला स्वतः गेलेले बरे. पुण्याहून निघून पेठनाक्याला वळून सांगलीत यायला सहा तास धरावेत. वाढत्या पेशींचा फ्लास्क असेल तर तो मानेपर्यंत माध्यमाने भरून झाकण घट्ट हवे आणि उन्हापासून जपावा. गोठलेली व्हायल असेल तर थर्माकोलच्या पेटीत ४ ते ५ किलो ड्राय आइस. बंद गाडीत पेटीजवळची काच थोडी उघडी ठेवावी, ड्राय आइसचा वायू साचणे धोक्याचे असते.

एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून ओळख) करून घेतलेच. आमच्या बिलावर ते साडेसहा हजार रुपये होते. संदर्भाशी ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळणी म्हणजे एकाच दात्याच्या पेशी, असे मानतात. पण इथे एक फट आहे. २९३ आणि २९३-टी या दोघींचे मूळ एकच, त्यामुळे एसटीआर त्यांच्यात फरक सांगू शकत नाही. २९३-टी मध्ये एसव्ही-४० या विषाणूचे लार्ज टी अँटिजेन हे प्रथिन असते आणि एसव्ही-४० ओरिजिन (प्रती काढायला सुरुवात होते ती जागा) असलेला प्लास्मिड या पेशीत स्वतःच्या प्रती काढतो. म्हणून दोन्ही पेशींत तोच प्लास्मिड घातला तरी प्रथिनाचे प्रमाण खूप वेगळे येते. पेपरमध्ये नुसते ‘हेक पेशी’ लिहिले असेल तर तिथेच थांबून विचारावे. टी अँटिजेनची साधी पीसीआर करून खात्री होते. आणखी एक: २९३-टी जी-४१८ या पेशी मारणाऱ्या औषधाला आधीच दाद देत नाही. निओमायसिन रोधक जनुक असलेला प्लास्मिड घालून जी-४१८ वर स्थिर पेशी निवडायला गेलात तर सगळ्याच जगतात आणि महिना जातो. तिथे हायग्रोमायसिन किंवा प्युरोमायसिनचा व्हेक्टर घ्यावा.

कोणती पेशी घ्यावी हाही प्रश्न जनुकावर ठरतो. ए-५४९ या फुप्फुसाच्या पेशींमध्ये एनआरएफ-२ ला आवरणारे कीप-१ हे प्रथिन बिघडलेले असते, त्यामुळे एनआरएफ-२ आधीच ओसंडून असतो; तिथे आणखी घालून फारसे काही दिसत नाही. पी-५३ हे दुसरे प्रथिन घालायचे असेल तर हेक-२९३-टी मध्ये टी अँटिजेन त्याला धरून ठेवतो आणि हेला पेशींमध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचे ई-६ त्याला संपवते. त्यासाठी पी-५३ च नसलेली एच-१२९९ वापरतात. जुळत नसलेल्या पेपरांतला बराचसा वाद इथेच मिटतो.

पेशी आल्या त्या आठवड्यात बँक केली, म्हणजे गोठवून साठा केला. एका व्हायलमध्ये २० लाख पेशी, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात उणे ८० वर रात्रभर, मग नायट्रोजन. द्रव नायट्रोजनची चिंता सांगलीत करू नये. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्हाभर फिरतो, आणि त्याच गाडीवाल्याशी ठरवून दर आठवड्याला आमचा कॅन भरला जाई. लाकडी पट्टी आत घालून, बाहेर काढून हिमाची रेघ पाहून पातळी मोजायची आणि तारखेसह लिहायची. व्हायल काढताना चेहऱ्यावर शील्ड हवेच. बुडालेल्या व्हायलमध्ये नायट्रोजन शिरला असेल तर ती बाहेर फुटते. प्रयोगासाठी वितळवल्यानंतरचा तिसरा ते पंधरावा पॅसेज एवढीच चौकट ठरवली. सोळाव्याला नवी व्हायल.

सप्टेंबर: प्लास्मिड

प्लास्मिड ना-नफा भांडारातून परदेशातून मागवला. मटेरियल ट्रान्सफर करारावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते. आपल्याकडे तंत्रज्ञान हस्तांतरणाचे वेगळे कार्यालय नसते, म्हणून कुलसचिवांच्या सहीला मान्यता मिळवण्यात दोन आठवडे गेले. कस्टममध्ये पाकीट ११ दिवस होते. ‘संशोधनासाठी, व्यापारी मूल्य नाही’ असे लेटरहेडवरचे पत्र आणि आयबीएससी मंजुरीची प्रत आधीच कुरियरकडे दिली असती तर हे दिवस वाचले असते.

प्लास्मिड जिवाणूंच्या पोटात, स्टॅब नावाच्या घट्ट माध्यमाच्या नळीत येतो. स्टॅबमधून थेट द्रव माध्यमात कधीही वाढवू नये. अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या प्लेटवर रेघा ओढून एकेक वेगळी कॉलनी घ्यावी. चार कॉलन्या वाढवल्या, त्यांचे प्लास्मिड एन्झाइमने कापून पाहिले, दोघींचे पूर्ण जनुक सिक्वेन्स केले, म्हणजे अक्षर न्‌ अक्षर वाचले. एनआरएफ-२ चे ६०५ अमिनो आम्ल म्हणजे थांब्यासह १,८१८ बेस. एका वाचनात भरवशाचे ७०० ते ८०० मिळतात, म्हणून सीएमव्ही फॉरवर्ड, बीजीएच रिव्हर्स आणि मधला एक असे तीन प्रायमर (वाचन जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे). एका वाचनाला साडेचारशे रुपये पडले. नुसती दोन टोके वाचून समाधान मानणारे पुष्कळ असतात. मधला एक बदल पुढचे सहा महिने खाऊ शकतो.

डीएनए एंडोटॉक्सिनविरहित (जिवाणूंचे विष काढून टाकणाऱ्या) मिडीप्रेप किटने काढला. इथे एक चूक झाली, तिचा हिशेब नोव्हेंबरमध्ये लागला. नॅनोड्रॉप या प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर २.० आले. चांगले वाटले. ते आरएनएचे लक्षण होते. नॅनोड्रॉप २६० वर शोषणारे सगळेच मोजतो, त्यामुळे कागदावरच्या १,००० नॅनोग्रॅममध्ये खरा प्लास्मिड त्याहून बराच कमी होता. प्लास्मिडसाठी गुणोत्तर १.८ ते १.९ च्या आसपास असावे, मोजणी डीएनएलाच चिकटणाऱ्या रंगावर चालणाऱ्या क्युबिटने करावी, आणि जेलवर ३०० नॅनोग्रॅम चालवून सुपरकॉइल्ड (पिळदार, अखंड प्लास्मिडचा) पट्टा ठळक आहे ना, तळाशी आरएनएचा धूसर डाग नाही ना, ते डोळ्यांनी पाहावे.

ऑक्टोबर: सीरम, पीईआय आणि खरेदी विभाग

खरेदीच्या पद्धतीने प्रयोग बदलतो, हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. तीन कोटेशन, सर्वांत कमी दराचा पुरवठादार, या रीतीने दर वेळी वेगळ्या कंपनीचे किंवा वेगळ्या लॉटचे सीरम येते. पेशींना ते कळते. आम्ही दोन लॉटचे ५० मिलीचे नमुने मागवले, दोन्हींत पेशींची वाढ आणि एनआरएफ-२ च्या हुकमतीतल्या एचएमओएक्स-१ या जनुकाची मूळ पातळी पाहिली. सीरमच्या प्रमाणपत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा असतो. हीम हा एचएमओएक्स-१ चा थेट प्रेरक, म्हणजे लॉट बदलला की आपली बेसलाइनच सरकते. कमी हिमोग्लोबिनचा लॉट निवडून एकदम तीन बाटल्या, प्रत्येकी ५०० मिली, घेतल्या. एका बाटलीला ३२ हजार रुपये पडले. ‘तोच लॉट क्रमांक’ अशी अट घालायला लेखी तांत्रिक कारण द्यावे लागते. केंद्रीय निधी असेल तर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १६६ एकाच पुरवठादाराकडून खरेदीची वाट देतो, त्याचे प्रमाणपत्र विभागप्रमुखांच्या सहीने जोडावे. आमची फाइल सात आठवडे फिरली. ती ऑगस्टमध्येच सरकवलेली होती, म्हणून निभावले.

ट्रान्सफेक्शनसाठी महागडे किट न घेता लिनियर पीईआय (डीएनएला पेशीत नेणारे रसायन) वापरले. १ मिलीग्रॅम प्रति मिली, गरम पाण्यात विरघळवून, पीएच ७.० करून, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, अर्ध्या मिलीच्या नळ्यांत उणे ८० वर. वितळवलेली नळी ४ अंशावर ठेवून महिनाभर वापरायची, पुन्हा गोठवायची नाही. प्रत्येक नव्या तयारीचे पीईआय-डीएनए गुणोत्तर २:१ ते ४:१ मध्ये तपासून घ्यावे. आमचे ३:१ ठरले.

नोव्हेंबर: १२, ३ आणि काहीच नाही

दिवाळी झाल्यावर पहिला प्रयोग. १२ वेलची प्लेट, आदल्या दिवशी वेलमध्ये २ लाख पेशी, १ मायक्रोग्रॅम डीएनए, ३ मायक्रोलिटर पीईआय, २४ तासांनी आरएनए. एचएमओएक्स-१ १२ पट. पुढच्या आठवड्यात ३ पट. तिसऱ्यांदा कंट्रोलच इतका वर गेला की फरक उरला नाही. तिन्ही वेळा तिन्ही वेल एकमेकांशी सुंदर जुळत होते. एकाच दिवशीच्या तीन वेलमधून फक्त पिपेटचा हात कळतो, प्रयोगाची पुनरावृत्ती होते की नाही हे कळत नाही.

मग कारणे एकेक करून सोडवली. आरएनएमिश्रित डीएनएचे वर लिहिले आहे. दुसरे कारण कंट्रोल. रिकामा व्हेक्टर, पीसीडीएनए-३.१, सुमारे ५.४ किलोबेसचा, जनुकासह तो ७.२ चा. दोन्ही १,००० नॅनोग्रॅम घेतले तर रिकाम्या प्लास्मिडच्या प्रती तिसऱ्या हिश्श्याने जास्त जातात. शिवाय रिकामा व्हेक्टर प्रथिन बनवत नाही, म्हणजे पेशीवर पडणारा प्रथिननिर्मितीचा भार कंट्रोलमध्ये येतच नाही. म्हणून निरुपद्रवी प्रथिन बनवणारा कंट्रोलही हवा. हिरवे चमकणारे ईजीएफपी हाताशी होते, पण पुढे हळदीचा अर्क यायचा आहे आणि त्यातले कर्क्युमिन स्वतःच हिरव्या भागात चमकते; म्हणून लाल चमकणारे एमचेरी घेतले.

तिसरे कारण एचएमओएक्स-१ स्वतः. ते ताणाला फार हळवे जनुक आहे. नुसते पीईआय घातले तरी थोडे चढते. त्यावर बॅक-१ या प्रथिनाचा लगाम असतो आणि हीम, उष्णता, ऑक्सिडेशन अशा अनेक वाटांनी तो सुटतो. एनआरएफ-२ ची खबर एनक्यूओ-१ आणि जीसीएलएम ही जनुके जास्त इमानाने देतात. पुढे मुख्य मोजमाप एनक्यूओ-१ केले आणि एचएमओएक्स-१ सोबतीला ठेवले.

कंट्रोल वर गेल्याचे कारण शोधायला सर्वांत जास्त दिवस लागले. माध्यमाची बाटली हूडमध्ये ट्यूबलाइटखाली तासन्‌तास उघड्यावर राहत होती. डीएमईएम या माध्यमातले रायबोफ्लेविन प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि आपण मोजत होतो ते नेमके ऑक्सिडेशनला उठणारे जनुक. बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळले, उघडल्याची तारीख टाकली, चार आठवड्यांनी टाकून द्यायचे ठरवले. पुढच्या सर्व प्रयोगांत हात न लावलेल्या पेशींची बेसलाइन स्थिर राहिली.

आरएनएबद्दल एक धोका वेगळा सांगायला हवा. ट्रान्सफेक्शन केलेल्या पेशींत प्लास्मिड गच्च भरलेला असतो आणि तो आरएनएसोबत येतो. जनुकाच्या कोडिंग भागावरचे प्रायमर त्यालाही वाढवतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे एन्झाइम) न घातलेल्या नळीत सिग्नल फक्त ३ सायकल मागे होता; दर सायकलला प्रती दुप्पट होतात, म्हणजे दिसणाऱ्या ‘अभिव्यक्ती’तला आठवा हिस्सा नुसता प्लास्मिड. कॉलमवर एकदा आणि नळीत एकदा असे दोनदा डीएनेज (डीएनए तोडणारे एन्झाइम) वापरल्यावर अंतर १० सायकलच्या पुढे गेले. पेशीचे स्वतःचे एनआरएफ-२ वेगळे मोजायचे असेल तर प्रायमर ३-प्राइम यूटीआरवर (जनुकाच्या शेवटी, प्रथिन न बनवणाऱ्या भागावर) घ्यावेत, प्लास्मिडवर तो भाग नसतो. संदर्भ जनुके (तुलनेसाठीची, न बदलणारी) तीन तपासून दोन ठेवली. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांच्या बाहेर असेल तर पटींचा हिशेब करू नये. एमआयक्यूई ही अशा पीसीआरच्या नोंदींसाठीची २००९ ची सूचनावली भिंतीवर लावून ठेवली होती.

डिसेंबर-जानेवारी: मात्रा

एवढे सुधारूनही दोन दिवसांचे आकडे दुप्पट-तिप्पट फरकाने येत. तेव्हा जी गोष्ट पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली: एकाच मात्रेवर न थांबता ०, २५, १००, २५०, ५०० आणि १,००० नॅनोग्रॅम अशी शिडी लावली, एकूण डीएनए प्रत्येक वेलमध्ये रिकाम्या व्हेक्टरने १,००० पर्यंत भरून.

शिडीचा आकार पाहून कोडे सुटले. पेशीतले कीप-१ एनआरएफ-२ ला पकडून प्रोटीअसोमकडे, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवते. शांत पेशीत एनआरएफ-२ चे आयुष्य २० मिनिटांच्या आसपास असते. थोडा प्लास्मिड घातला की बनलेले सगळे प्रथिन कीप-१ गिळून टाकते. २५ वर काहीच नाही. कीप-१ पुरे पडेनासे झाले की एनक्यूओ-१ एकदम चढते. १०० ते २५० च्या मधला हा चढ इतका उभा आहे की तिथे २० टक्के डीएनए कमी पडला, पेशी थोड्या दाट झाल्या, की उत्तर निम्म्यावर येते. ५०० वर ते स्थिरावते. १,००० वर पेशी गोल होऊन सुटायला लागतात आणि एनक्यूओ-१ उलट किंचित खाली येते. नोव्हेंबरमध्ये कागदावर १,००० घालत होतो तेव्हा आरएनएमुळे आणि कमी-जास्त ट्रान्सफेक्शनमुळे प्रत्यक्षात आठवड्यागणिक या उभ्या चढावरच्या वेगवेगळ्या पायरीवर उभे होतो. ओव्हरएक्स्प्रेशनमध्ये ‘जनुक घातले’ एवढी नोंद अपुरी आहे. किती प्रथिन झाले ते दर वेळी मोजून लिहिले तरच दुसऱ्याचा आकडा आपल्याशी ताडून पाहता येतो.

प्रथिन मोजायला वेस्टर्न ब्लॉट: प्रथिने जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून हवा तो पट्टा अँटिबॉडीने शोधायचा. एनआरएफ-२ चे गणिती वजन ६८ किलोडाल्टनच्या जवळ, पण जेलवर तो ९५ ते ११० च्या दरम्यान धावतो. ६८ च्या आसपास दिसणाऱ्या पट्ट्याला एनआरएफ-२ समजून मोजणे ही नेहमीची चूक. ८ टक्क्यांचे जेल, १२५ ते १३० मिनिटे, आणि त्याच जेलवर दोन खुणेचे नमुने: ए-५४९ चा लायसेट (फोडलेल्या पेशींचे द्रव), आणि प्रोटीअसोम बंद करणारे एमजी-१३२ चार तास दिलेल्या हेकचा. ए-५४९ म्हणजे निसर्गात भेटणारी वरची मर्यादा असे धरून आपला पट्टा त्याच्या किती पट आहे ते लिहिले. ५०० नॅनोग्रॅमवर तो त्याच्याही कितीतरी पुढे होता. २५० वर जवळपास बरोबरीला. अर्कासाठी तुलना करायची तर बरोबरीचीच मात्रा अर्थपूर्ण, म्हणून काम कठीण असूनही २५० निवडली, आणि ५०० ही यंत्रणा चालू असल्याची खूण म्हणून सोबत ठेवली.

२५० उभ्या चढाच्या टोकाशी आहे, तेव्हा पिपेटिंगची कसर चालणार नव्हती. ५०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या साठ्यातून २५ नॅनोग्रॅम म्हणजे ०.०५ मायक्रोलिटर, ते कुणाच्याच हाताने अचूक जात नाही. म्हणून प्रत्येक मात्रेचे मिश्रण एकदाच मोठ्या प्रमाणात केले: एनआरएफ-२ आणि रिकामा व्हेक्टर मिळून १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, मात्रेप्रमाणे प्रमाण वेगळे. मग कुठल्याही वेलला १० मायक्रोलिटरच. २० दिवसांपुरत्या नळ्या उणे २० वर. नळ्यांवर एका सहकाऱ्याने अ, ब, क घातले. किल्ली बंद पाकिटात. या एका बदलाने दिवसादिवसांतला फरक सर्वांत जास्त कमी झाला.

वेळही पाळावा लागतो. पीईआय आणि डीएनएचे कण मिठाच्या द्रावणात वाढतच राहतात. १८ वेल करताना पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये ११ मिनिटांचे अंतर पडत होते. सहा-सहाच्या गटांत, प्रत्येक गटाला टायमर लावून १५ मिनिटे धरली. काठावरचे वेल सुकतात, म्हणून वेलची जागा प्रत्येक वेळी चिठ्ठ्या काढून. हेक पेशी हलक्या धक्क्यानेही सुटतात; पॉली-डी-लायसिन लावलेल्या प्लेट घेतल्या आणि माध्यम वेलच्या भिंतीवरून सोडले.

फेब्रुवारी: तीन वेळा, मग कराड

आता ‘स्वतंत्र प्रयोग’ म्हणजे काय ते लिहून ठेवले: वेगळी व्हायल, वेगळा दिवस, वेगळी पीईआय नळी, आणि किमान एकदा वेगळा माणूस. एमचेरीच्या वेलमध्ये पाच ठिकाणी मोजून ६० टक्क्यांपेक्षा कमी पेशी लाल असतील तर तो दिवस बाद, पण बाद दिवसाची नोंदही वहीत राहणार. एक दिवस त्या नियमाने गेला. पेशी आदल्या दिवशी उशिरा पेरल्या होत्या. उरलेल्या तीन दिवसांत २५० नॅनोग्रॅमवर एनक्यूओ-१ ४.१, ४.८ आणि ३.७ पट आले. हिशेब डेल्टा-सीटीवर (संदर्भ जनुकांपासूनच्या सायकलींच्या अंतरावर) केला, पटींवर नाही, आणि संख्या ३ लिहिली. वेल १८ होते म्हणून ती वाढत नाही.

शेवटी एक पेटी कराडच्या एका लॅबकडे पाठवली. आमच्या बँकेतल्या दोन व्हायल, संकेताक्षरांच्या डीएनए नळ्या, पीईआयच्या दोन नळ्या, १०० मिली सीरम, ए-५४९ चा लायसेट आणि सहा पानांचा प्रोटोकॉल. फोनवर काही सांगायचे नाही असे ठरवले होते, आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे प्रोटोकॉलमधली गळती असे धरून तो कागदावर उतरवला. प्रश्न चार आले: पेशी मोजताना ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या दाखवणारा रंग) घातले होते का, प्लेट इनक्युबेटरच्या कितव्या फळीवर होती, माध्यम ट्रान्सफेक्शननंतर बदलायचे का, आणि आरएनए काढताना पेशी धुवायच्या का. चारही उत्तरे आता प्रोटोकॉलमध्ये आहेत: हो, मधल्या, सहा तासांनी, आणि नाही, थेट लायसिस बफर घालायचा.

त्यांचे तीन दिवसांचे आकडे ३.२, ३.९ आणि ३.४. आमच्यापेक्षा जरा खाली, पण त्यांच्या ब्लॉटवर एनआरएफ-२ चा पट्टाही ए-५४९ च्या मानाने तेवढाच फिका आहे. उपकरणे सोडून एकूण खर्च एक लाख ६२ हजार झाला, त्यातला निम्म्याहून जास्त सीरमवर. मार्चपासून त्याच प्लेटवर दोन वेल हळदीच्या अर्काचे लागतात.